चारशे शेकेलांची जमीन

सारा वारली तेव्हा अब्राहामच्या नावावर वीतभरही जमीन नव्हती. देवाने त्याला सगळा देश देऊ केला होता, संतती आकाशातल्या ताऱ्यांइतकी होईल असं सांगितलं होतं. पण बायकोला मूठमाती द्यायची वेळ आली आणि म्हातारा गावकऱ्यांपुढे हात जोडून उभा राहिला. गाव हेब्रोन, माणसं हित्ती. शिवारात एफ्रोन नावाच्या माणसाचं शेत होतं आणि शेताच्या टोकाला मकपेला नावाची गुहा.

एफ्रोन आधी म्हणाला, पैसे कसले, अशीच घ्या. अब्राहाम ऐकेना. मग एफ्रोनने बोलता बोलता आकडा सोडून दिला: चारशे शेकेल चांदीची तर जमीन, तुमच्याआमच्यात तेवढ्याचं काय घेऊन बसलात! जमिनीच्या व्यवहाराला एकदा तरी बसलेल्या माणसाला हा सूर चांगला ओळखू येईल. अब्राहामने घासाघीस केली नाही. बाजारात चालणाऱ्या वजनाने चांदी तोलून दिली, वेशीत बसलेल्या सगळ्या गावकऱ्यांसमक्ष. बायबलमधल्या उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात हे सगळं आलं आहे, आणि शेवटी तर चक्क खरेदीखताची भाषा येते: शेत, त्यातली गुहा, चतुःसीमेच्या आतली सगळी झाडं. आपल्याकडच्या जुन्या सनदांत जल, तरू, तृण, पाषाण असा पाढा असतो त्याचीच आठवण व्हावी.

असा व्यवहार खरोखर झाला का? पुरातत्त्वाला अब्राहाम नावाच्या माणसाचा थेट पुरावा मिळालेला नाही, आणि त्याच्याविषयीची लिखाणं त्याच्या मानल्या जाणाऱ्या काळानंतर शेकडो वर्षांनी आजच्या रूपात आली. पण आपला विषय वेगळा आहे. जगातली निम्म्याहून अधिक माणसं आज या एका म्हाताऱ्याला आपला धर्मपिता मानतात. ज्यू मोजून दीड कोटीच्या आसपास, ख्रिस्ती आणि मुसलमान दोन-दोनशे कोटींच्या घरात. तिघांच्या श्रद्धेत सामाईक काय आहे हे बघायचं तर ईश्वर, प्रेषित, ग्रंथ अशी यादी करता येते. शाळेच्या पुस्तकात ती असतेच. मला ही जमीन जास्त उपयोगाची वाटते. वडिलोपार्जित मालमत्तेवर भावांचं भांडण लागतं तेव्हा ती मालमत्ता सामाईक आहे याविषयी कुणाला शंका नसते. भाऊबंदकी परक्यांत होत नाही.

मकपेलाच्या गुहेवर आज जी इमारत उभी आहे तिच्या बाहेरच्या प्रचंड भिंती हेरोद राजाच्या काळातल्या, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या भिंतींच्या आत बायझंटाइन ख्रिस्त्यांनी चर्च बांधलं. मुसलमान आले, मशीद झाली. क्रुसेडर आले, पुन्हा चर्च झालं. सलाहुद्दीनने जिंकल्यावर पुन्हा मशीद. १२६६ मध्ये मामलुक सुलतान बायबर्सने ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाही आत यायला बंदी केली. पुढे ज्यूंना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढायची मुभा मिळाली, आणि शतकानुशतकं ते त्या पायरीवर उभं राहून प्रार्थना करत आले. आत जाता आलं ते १९६७ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर. १९२९ मध्ये याच गावात ६७ ज्यूंची कत्तल झाली. अनेकांना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. १९९४ च्या फेब्रुवारीत, रमजानच्या शुक्रवारी, एका ज्यू वसाहतवाल्याने आत शिरून नमाजातल्या २९ माणसांना गोळ्या घातल्या. तेव्हापासून इमारतीची वाटणी झाली आहे. एक भाग मुसलमानांचा, एक ज्यूंचा, आणि वर्षातले दहा दहा दिवस सगळी इमारत आळीपाळीने एकेकाची. अब्राहामचं थडगं मधोमध आहे. दोन्ही बाजूंच्या जाळीच्या खिडक्यांतून ते दिसतं.

गावाचं अरबी नाव अल-खलील, म्हणजे मित्र. अब्राहाम देवाचा मित्र होता म्हणून. हे विशेषण ज्यूंच्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे, ख्रिस्त्यांच्या नव्या करारात याकोबाच्या पत्रात आहे आणि कुराणाच्या चौथ्या सुरेतही आहे. माणूस देवाचा दास असतो, भक्त असतो, लेकरू असतं. पण मित्र म्हणवण्याइतकी सलगी तिन्ही ग्रंथांनी ज्याला दिली तो हा.

ग्रंथांच्या बाहेरही किती गोष्टी सामाईक आहेत याचा मासला म्हणजे मूर्ती फोडण्याची कथा. अब्राहामने तरुणपणी बापाच्या मूर्ती फोडल्या असं पुष्कळांना वाटतं बायबलमध्ये आहे. बायबलमध्ये ती कथा नाही. ती आहे मिद्राशमध्ये, म्हणजे ज्यू आचार्यांनी बायबलभोवती विणलेल्या कथांत. तिथे बाप मूर्ती विकणारा दुकानदार आहे. पोरगा सगळ्या मूर्ती फोडतो, काठी सगळ्यात मोठ्या मूर्तीच्या हातात ठेवतो आणि बाप आल्यावर म्हणतो, यांच्यात भांडण लागलं, थोरल्याने बाकीच्यांना झोडपलं. बाप चिडतो: अरे, दगडाला कुठे हात हलवता येतो? पोराला हेच हवं असतं. कुराणाच्या एकविसाव्या सुरेतही इब्राहिम, म्हणजे अब्राहामच, मूर्ती फोडतात, थोरली तेवढी ठेवतात आणि जाब विचारायला आलेल्यांना सांगतात, तिलाच विचारा. दोन्हींकडे पुढे अब्राहामला आगीत टाकलं जातं आणि आग त्याला काही करत नाही. व्यापारी तांड्यांबरोबर, शेजारधर्माने, कुठल्या कुठल्या ओसरीवर या गोष्टी सांगितल्या गेल्या असतील आणि सीमा ओलांडून गेल्या असतील. धर्मशास्त्रापेक्षा गोष्टीला परवाना कमी लागतो.

भांडण सुरू होतं ते वारस कोण या प्रश्नापाशी. आणि इथे गंमत अशी की तिघांचा युक्तिवाद एकाच मुद्द्यावर, तारखेवर, येऊन थांबतो. मोशेला सिनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळालं ते अब्राहामच्या कितीतरी पिढ्या नंतर. मग अब्राहाम कोण? ज्यू आचार्यांनी इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात सांगितलं की नियमशास्त्र मिळायच्या आधीच अब्राहाम ते सगळं पाळत होता. म्हणजे तो आमचाच. त्याआधी दीडशे वर्षं ख्रिस्ती प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात उलटा हिशेब मांडला होता: अब्राहामला देवाने नीतिमान ठरवलं तेव्हा त्याची सुंताही झालेली नव्हती, म्हणून सुंता आणि नियम न पाळणारेसुद्धा नुसत्या विश्वासाच्या बळावर त्याची लेकरं ठरतात. आणि कुराणाची तिसरी सुरा ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाही विचारते की तौरात (ज्यूंचा तोरा) आणि इंजील (येशूची शुभवार्ता) दोन्ही इब्राहिम यांच्यानंतर आले, मग तुम्ही वाद कसला घालता? ते ना ज्यू होते ना ख्रिस्ती. ते एका ईश्वराला शरण गेलेले होते. पौलाचा आणि कुराणाचा निष्कर्ष वेगळा, पण तर्क तोच. एकाच शाळेत शिकलेल्या वकिलांनी समोरासमोर उभं राहावं तसं हे आहे.

मुलाच्या बळीची कथा तर आणखी पुढे जाते. देव अब्राहामला त्याच्या लाडक्या मुलाचा बळी मागतो, म्हातारा सुरी उचलतो, देव हात थांबवतो आणि मुलाच्या जागी मेंढा येतो. ज्यू नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात हीच कथा वाचतात, आणि त्या दिवसांत मेंढ्याचं शिंग फुंकतात. ख्रिस्त्यांना लाकडाची मोळी पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्या मुलात क्रूस वाहणारा येशू दिसतो. मुसलमानांची बकरी ईद ही याच प्रसंगाची आठवण.

पण मुलगा कोणता? बायबल स्पष्ट सांगतं, सारेचा इसहाक. कुराण सदतिसाव्या सुरेत कथा सांगतं, मुलाचं नाव सांगत नाही. आज बहुतेक मुसलमान तो सारेच्या दासीचा, हाजराचा, इस्माईल (बायबलमधला इश्माएल) मानतात, पण सुरुवातीच्या भाष्यकारांत दोन्ही मतं होती, आणि दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या तबरीसारख्या मातब्बर भाष्यकाराने कौल इसहाकच्या बाजूने दिला होता. दुसऱ्या बाजूच्या भाष्यकारांनी पुरावा कुठून आणावा? बायबलमधून! तिथे देव ‘तुझा एकुलता एक मुलगा’ असा उल्लेख करतो. इस्माईल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा, इसहाक जन्मला तेव्हा १००. म्हणजे एकुलता एक असा फक्त इस्माईलच कधीकाळी होता. प्रतिपक्षाच्या कागदावरून आपला दावा सिद्ध करायला तो कागद आधी वाचावा लागतो, आणि काही अंशी मानावाही लागतो.

हाजराविषयी दोन शब्द. तान्हेल्या पोराला घेऊन वाळवंटात टाकलेली ही दासी बायबलमध्ये दोन अध्यायांत येते. ज्यू परंपरेत ती बाजूलाच राहिली. पौलाने तर तिला गुलामीचं रूपक केलं. इस्लाममध्ये मात्र पाण्यासाठी तिने सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये घातलेल्या सात खेपा हजचा भाग झाल्या. हजला गेलेला प्रत्येक जण, मग तो राजा असो वा रिक्षावाला, एका टाकून दिलेल्या बाईची धावपळ पुन्हा करतो. तिन्ही धर्मांतल्या विधींमध्ये मला हा सगळ्यात हलवून टाकणारा वाटतो.

आता मुख्य गाभ्याकडे. ईश्वर एक. ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेतला शब्द एहाद, कुराणाच्या एकशे बाराव्या सुरेतला अहद; धातू एकच. सर्वांत थोर आज्ञा कोणती असं येशूला विचारलं तेव्हा त्याने आधी ज्यूंची हीच प्रार्थना सांगितली. शालोम आणि सलाम, दानाला हिब्रूत त्सदाका आणि अरबीत सदका, प्रार्थनेच्या शेवटी आमेन आणि आमीन. अल्लाह हा शब्दही एकट्या मुसलमानांचा नाही. अरबी बोलणारे ख्रिस्ती देवाला अल्लाहच म्हणतात, आणि दहाव्या शतकात सादिया गाओन या ज्यू आचार्याने तोराचा अरबी अनुवाद केला तेव्हा त्यानेही तोच शब्द वापरला.

तरी तिघांचं सगळं सारखंच आहे असं म्हणणारे लोक मला वाचन कमी केलेले वाटतात. याबाबतीत सर्वांत चोख नजर होती मायमोनिडीस या ज्यू आचार्याची. जन्म कॉर्दोबाचा, ११३८ चा. उमेद कैरोत गेली. वैद्य म्हणून सलाहुद्दीनच्या दरबाराशी संबंध. मोठा ग्रंथ अरबी भाषेत, हिब्रू लिपीत. त्याने मकपेलाला जाऊन प्रार्थनाही केली होती, बंदी येण्याच्या शंभर वर्षं आधी. ओबद्या नावाच्या, धर्म बदलून ज्यू झालेल्या माणसाने त्याला विचारलं की मुसलमान मूर्तिपूजक आहेत का? मायमोनिडीसने निर्णय दिला: मुळीच नाहीत, त्यांचं एकेश्वरत्व निर्दोष आहे. ख्रिस्त्यांच्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याविषयी तो असं म्हणायला तयार नव्हता. पण दुसऱ्या एका निर्णयात त्याने सांगितलं की तोरा ख्रिस्त्यांना शिकवायला हरकत नाही, मुसलमानांना शिकवू नये. कारण ख्रिस्ती तोच ग्रंथ तसाच्या तसा खरा मानतात, मुसलमान म्हणतात मूळ ग्रंथ तुमच्याकडे बिघडला. एकाशी देव जुळतो, दुसऱ्याशी पोथी.

मला वाटतं हे वाक्य हाती धरलं की पुष्कळ गुंता सुटतो. तिघांत मिळून सामाईक असं थोडं आहे. दोघादोघांत मात्र भरपूर, आणि प्रत्येक जोडीत वेगळं. ज्यू आणि मुसलमानांत निराकार एक देव, धर्मनियमांवर चालणारं दैनंदिन जीवन, सुंता, डुकराचं मांस वर्ज्य, विशिष्ट पद्धतीने कापलेलंच मांस खाणं. ख्रिस्त्यांनी हे नियम पहिल्याच शतकात सोडले. ज्यू आणि ख्रिस्त्यांत अख्खा जुना करार, स्तोत्रं, संदेष्टे. आणि ख्रिस्ती व मुसलमानांत? इथे लोक चकित होतात. येशू. कुराणातले ईसा कुमारी मरियमच्या पोटी जन्मतात, चमत्कार करतात, मसीहा म्हणवतात आणि शेवटच्या काळात परत येणार असतात. ज्यूंना यातलं काहीच मान्य नाही. मुसलमानांना मान्य नाही ते एवढंच की ते देवाचे पुत्र होते आणि क्रूसावर मेले. अर्थात ख्रिस्त्यांच्या दृष्टीने सगळं त्या ‘एवढंच’मध्येच आहे. कुराणात नावानिशी उल्लेख असलेली एकमेव स्त्री मरियम; तिच्या नावाची एक अख्खी सुरा आहे, आणि नव्या करारापेक्षा कुराणात तिचं नाव जास्त वेळा येतं. दमास्कसच्या उमय्याद मशिदीत ईसांच्या नावाचा मिनार आहे आणि आत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची समाधी. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

विधींची देवाणघेवाण तर उघडच झाली. पैगंबरांच्या काळात सुरुवातीला नमाजाची दिशा जेरुसलेम होती. ६२४ मध्ये ती मक्केकडे वळली. हदीस सांगते की मदिनेत आल्यावर ज्यू लोक मोशेच्या सुटकेचा उपास करताना दिसले तेव्हा पैगंबर म्हणाले, मूसांवर आमचा हक्क जास्त, आणि त्यांनीही तो उपास धरला. आशुराच्या उपासाचं मूळ असं सांगितलं जातं. याही वाक्यात वारसाहक्क आलाच.

आपल्याकडे या कुळाच्या खुणा शब्दांतही सापडतात. कोकणात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल ज्यू. मुंबईत त्यांनी १७९६ मध्ये पहिलं सभास्थान उभारलं, त्याला लोक जुनी मशीद म्हणत. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुण्यात बगदादी ज्यू डेव्हिड ससूनने बांधवलेलं सभास्थान मात्र लाल देऊळ झालं. एकाच धर्माची वास्तू एका शहरात मशीद, दुसऱ्यात देऊळ! बेने इस्राएल एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ, फळं यांचा मलिदा करतात, आणि मलिदा हा शब्द आपल्याला दर्ग्यावरूनही माहीत असतो. ख्रिस्त्यांनीही हा वारसा मराठीत आणला: फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या क्रिस्तपुराणाचं पहिलं पुराण म्हणजे जुन्या कराराची कथाच, ओवीत.

तिघांना मिळून ‘अब्राहामी धर्म’ म्हणायची पद्धत आत्ताची, विसाव्या शतकातली. फ्रेंच अभ्यासक लुई मासिन्यों यांनी ती कल्पना रुजवली, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मुसलमानांच्या अब्राहामवरच्या श्रद्धेचा आदराने उल्लेख करून ज्यूंवरचा ख्रिस्तहत्येचा सरसकट आरोप मागे घेतला. ही छोटी गोष्ट नव्हे. त्या आरोपापायी युरोपात शतकानुशतकं माणसं मारली गेली होती. पण जॉन लेव्हेन्सन या हार्वर्डच्या ज्यू अभ्यासकाने २०१२ च्या पुस्तकात बजावलं की तिघांचा अब्राहाम एकच नाही. सगळ्यांना चालेल असा चौथाच अब्राहाम बनवला तर तो कुणाचाच राहत नाही. मला लेव्हेन्सन पटतो, अर्धा. भावांच्या आठवणीतला बाप सारखा नसतोच. म्हणून बाप दोन होत नाहीत.

२०२३ मध्ये अबू धाबीला अब्राहामी कुटुंबाचं घर या नावाने एक संकुल उघडलं: मशीद, चर्च आणि सभास्थान, तिन्ही इमारती एकाच मापाचे चौकोनी ठोकळे, कुणी उंच नाही, कुणी ठेंगणं नाही. सभास्थानाला नाव मायमोनिडीसचं दिलं आहे. वास्तू सुंदर आहे. तिथली जमीन मात्र कुणाच्याच वाडवडिलांची नव्हती, त्यामुळे वाटणी सोपी गेली.

हेब्रोनची गोष्ट तशी नाही. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन मरतो. इसहाकचं दूध तोडल्याच्या मेजवानीनंतर हाजरा आणि इश्माएल यांना घराबाहेर काढलं गेलं होतं, आणि त्यानंतर दोघं भाऊ एकत्र दिसतात ते एकदाच, बापाच्या मातीला. इसहाक आणि इश्माएल यांनी मिळून अब्राहामला मकपेलाच्या गुहेत, सारेशेजारी पुरलं.